पुढचा बंपर, 14,300चं एस्टिमेट आणि न केलेला क्लेम: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण जुलै 2025चं, पुण्यातलं. गाडीमालक एका शाळेत शिक्षिका आहेत, त्यांना इथे नुसतं ताई म्हणतो. गॅरेज, वर्कशॉप, इन्शुरन्स कंपनी कोणाचंच नाव देत नाहीये. मी स्वतः डेंटिंग-पेंटिंगच्या कामात आहे आणि ही गाडी माझ्या समोर उघडली, त्यामुळे आतलं सगळं बघून लिहितोय. एवढ्याशा धडकेवर इतकं सविस्तर लिहायचं कारण म्हणजे असल्या केसमध्ये लोक बंपर उतरवायच्या आधीच ठरवून मोकळे होतात, एक तर "क्लेम टाकून देऊ" नाहीतर "कोपऱ्यावरच्या पेंटरकडून मारून घेऊ", आणि दोन्हीकडे पैसे जातात.

पार्श्वभूमी

गाडी हॅचबॅक, पेट्रोल, 1200 सीसीच्या आसपास, ऑगस्ट 2019ला घेतलेली, रंग सिल्व्हर मेटॅलिक. सहा वर्षांत एकही क्लेम नाही, म्हणजे एनसीबी (नो क्लेम बोनस, क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) पूर्ण 50 टक्के. पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह (आपल्या गाडीचं नुकसानही धरणारी) होती पण झिरो डेप, म्हणजे पार्टचा घसारा न कापता पैसे देणारं जास्तीचं कव्हर, नव्हतं, मागच्या रिन्युअलला हप्ता कमी दिसावा म्हणून काढलेलं. पॉलिसी ऑगस्टच्या शेवटी संपत होती, म्हणजे धडकेनंतर जेमतेम महिना-सव्वा महिना. ही तारीख लक्षात ठेवा, पुढचं गणित तिच्यावरच आहे.

नक्की काय झालं

नवीन कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येताना जो लांब उतार आहे तो पुणेकरांना सांगायला नको. पाऊस चालू, पुलाच्या अलीकडे सगळं ट्रॅफिक मुंगीच्या पावलानं, पुढचा छोटा टेम्पो एकदम थांबला, ताईंनी ब्रेक मारला पण ओल्या रस्त्यावर गाडी थोडी सरकली आणि टेम्पोच्या मागच्या लोखंडी पट्टीवर डाव्या बाजूनं टेकली. स्पीड फार तर दहा-पंधरा असेल. एअरबॅग उघडल्या नाहीत, कोणाला लागलं नाही.

टेम्पोला काहीच झालं नव्हतं, मागचा एक रिफ्लेक्टर तेवढा फुटला. टेम्पोवाल्या दादांनी आधी दोन हजार मागितले. ताईंनी वाद घातला नाही, आधी दोन्ही गाड्यांचे फोटो काढले, नंबर प्लेट येईल असे, आणि मग त्या फुटक्या रिफ्लेक्टरचा फोटो त्यांनाच दाखवून विचारलं, "दादा, ह्याचे किती होतात?" पाचशेवर मिटलं. त्या जागी गाडी बाजूला घेऊन शांतपणे फोटो काढणं सोपं नाहीये, तरी ते झालं हे फार चांगलं झालं, कारण पुढे प्रत्येक ठिकाणी तेच फोटो कामाला आले.

नुकसान असं दिसत होतं: बंपर डावीकडे वरच्या कडेपासून खाली साधारण एक वीतभर चिरलेला, डावं टोक फेंडरपासून (चाकावरच्या पत्र्यापासून) सुटून लोंबतंय, खालची जाळी फुटलेली, फॉग लॅम्पचं कव्हर गायब, आणि डावा हेडलाइट हातानं हलवला तर हलत होता.

अडचण कुठे होती

वरवर बघणारा म्हणेल बंपरच गेलाय, त्यात काय. पण टेम्पोच्या मागच्या पट्टीची उंची आणि कारच्या बंपरच्या आतल्या बीमची उंची एक नसते. कारमध्ये प्लॅस्टिकच्या बंपरमागे एक लोखंडी आडवी बीम असते, मार तिनं खायचा असतो. इथे पट्टी बीमच्या वरून आत आली, म्हणजे सगळा जोर वरच्या प्लॅस्टिकवर आणि हेडलाइटच्या कानांवर, म्हणजे तो जिथे कसतात त्या टोकांवर, गेला. अशा धडकेत बाहेरून कमी दिसतं आणि आत एसीचा कंडेन्सर (एसीचा गॅस थंड करणारा पार्ट), रेडिएटरचा सपोर्ट, हेडलाइटचं माउंटिंग ह्यातलं काहीतरी गेलेलं असू शकतं. कंडेन्सर रेडिएटरच्याही पुढे असतो, जाळीच्या लगेच मागे, त्यामुळे सगळ्यात आधी मार त्याला.

दुसऱ्या दिवशी गाडीच्या कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये बंपर न काढता, बाहेरूनच बघून एस्टिमेट दिलं, टॅक्ससकट:

नवा बंपर 3,200, जाळी 900, फॉग कव्हर 350, साइड ब्रॅकेट 180, क्लिपा 250, खालचं अंडरकव्हर 620, डावा हेडलाइट 3,600, बंपर पेंट 4,000, काढ-घाल मजुरी 1,200. एकूण 14,300.

सोबत सल्ला मिळाला की "मॅडम क्लेम करा, तुम्हाला फक्त थोडा फरक भरायचाय". तो फरक किती हे कोणी कागदावर मांडून दिलं नाही. ताई गणिताच्या शिक्षिका, त्यांनी ते स्वतः मांडायचं ठरवलं आणि तिथून ही केस सरळ झाली.

क्लेमचं गणित

झिरो डेप नसलेल्या पॉलिसीत रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिकच्या पार्टवर 50 टक्के घसारा कापला जातो, गाडी एक वर्षाची असो की सहा. लोखंडी पार्टला गाडीच्या वयाप्रमाणे कापतात, 5 ते 10 वर्षांच्या गाडीला 40 टक्के. पेंटच्या बिलात मटेरियलचा भाग 25 टक्के धरतात आणि त्याच्यावर 50 टक्के कापतात. शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे 1,000 रुपये आपण भरायचेच.

ह्या एस्टिमेटमधले सगळे पार्ट प्लॅस्टिकच्या खात्यात धरलेले, 9,100चे. त्यातले 4,550 ताईंचे. पेंटमधले 500. वरचे 1,000. म्हणजे ताईंच्या खिशातून 6,050 आणि इन्शुरन्स कंपनीकडून 8,250. इथपर्यंत क्लेम बरा वाटतो.

आता एनसीबी. ताईंच्या गाडीचा ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीसाठीचा, हप्ता एनसीबी वजा करायच्या आधी साधारण 5,000 होता. थर्ड पार्टीचा हप्ता, 1000 ते 1500 सीसीला तेव्हा 3,416, तो सरकारनं ठरवलेला आहे, त्याला एनसीबीशी काही घेणं नाही, त्यामुळे तो बाजूला ठेवा. क्लेम केला की ऑगस्टच्या रिन्युअललाच एनसीबी थेट शून्यावर. मग पुढच्या वर्षी 20, मग 25, 35, 45 आणि मग कुठे परत 50. क्लेम न करता दर वर्षी 50 मिळालं असतं, तर दर वर्षीचा तोटा 50, 30, 25, 15, 5 टक्के, बेरीज 125 टक्के. म्हणजे 5,000 वर 6,250, आणि 18 टक्के जीएसटी धरून 7,375. आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) दर वर्षी उतरते म्हणून खरा आकडा थोडा कमी येईल, पण अंदाजाला पुरतो.

म्हणजे कंपनी देणार 8,250 आणि पाच वर्षांत परत घेणार 7,375. फायदा 875 रुपये, आणि त्यासाठी गाडी वर्कशॉपला ठेवायची, नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरची वाट बघायची ते वेगळंच.

ह्याच्यापुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एस्टिमेटमधून एकटा हेडलाइट काढून बघा. मग कंपनी देणार फक्त 6,450, आणि एनसीबी जाणार 7,375ची, क्लेम सरळ तोट्यात. उलट कंडेन्सर गळत असेल तर तो धातूचा पार्ट, साडेसहा हजाराच्या कंडेन्सरचे 60 टक्के म्हणजे 3,900 कंपनी देणार, मग क्लेम नक्की फायद्याचा. थोडक्यात हेडलाइट दुरुस्त होतो का आणि कंडेन्सर शाबूत आहे का, ह्या दोन प्रश्नांवर निर्णय अडलेला, आणि दोन्हीची उत्तरं बंपरच्या मागे होती.

पर्याय काय काय होते

पहिला, अधिकृत वर्कशॉप आणि क्लेम, त्याचं गणित वर आलंच. दुसरा, तिथेच पण रोख, 14,300. काम स्वच्छ होतं, नवा पार्ट येतो, पण सहा वर्षांच्या गाडीला एवढे कशाला असं ताईंचं म्हणणं.

तिसरा, आफ्टरमार्केट बंपर, नाना पेठेत 1,400ला मिळत होता. स्वस्त दिसतो पण मला हा पर्याय आवडत नाही. ह्यातले बरेच बंपर पातळ असतात, भोकं एक-दोन मिलीनं इकडेतिकडे असतात, मग फिटर ते ओढून-ताणून बसवतो आणि हेडलाइटखालचा गॅप कायमचा वाकडा राहतो. दुसरं म्हणजे बंपर बदलला, नवा असो की डुप्लिकेट, की पुढची एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) प्लेट जुन्यावरून काढावी लागते. तिचं स्नॅप लॉक एकदा तोडलं की परत वापरता येत नाही, ते काम वेगळं मागे लागतं.

चौथा, मूळ बंपरच वेल्डिंग करून रंगवणं. चिरलेला असला तरी तुकडा हरवलेला नव्हता आणि फाट सरळ होती, म्हणजे दुरुस्तीला योग्य. तुकडेच गायब असते किंवा माउंटिंगचे कान सगळे तुटलेले असते तर मी नवाच घ्या म्हटलं असतं.

पाचवा पर्याय ताईंच्या सासऱ्यांचा, "आता पुढे स्टीलचं गार्डच लावून टाक, कटकट नको". काळजीपोटी म्हणत होते, पण ते लावायचंच नाही. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर 2017मध्येच राज्यांना पत्र पाठवून असले क्रॅश गार्ड बेकायदा असल्याचं कळवलंय. गार्ड थेट चासीला कसतात, त्यामुळे चुरगळून मार खाण्यासाठी जो पुढचा भाग बनवलेला असतो त्याला वगळून धक्का आत जातो, एअरबॅगच्या सेन्सरलाही धडक वेगळी कळते, आणि पायी माणसाला लागलं तर विचारूच नका. ताईंनी हे सासऱ्यांना फोनवर समजावलं, "बाबा, मुलं मागे बसतात ना गाडीत", त्यावर ते लगेच गप्प झाले.

काय केलं

आधी इन्शुरन्स कंपनीला धडक झाल्याचं कळवलं. पॉलिसीत लगेच कळवायची अट असते आणि दुरुस्ती करून मग क्लेम मागितला तर कोणी उभं करत नाही. ताईंनी एक प्रश्न लेखी विचारला: नुसतं कळवलं आणि पैसे न घेता मागे घेतलं तर एनसीबी राहील का? राहील, असं उत्तर ईमेलवर आलं. फोनवरच्या हो-ला अर्थ नाही, ईमेल हवाच.

मग गॅरेजमध्ये बंपर उतरवला. चाकाच्या कमानीतले स्क्रू, वरच्या क्लिपा, खालच्या क्लिपा, फॉग लॅम्पची वायर. वर्कशॉपनं जे बघायला हवं होतं ते आत्ता दिसलं. कंडेन्सरच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात पात्या दबलेल्या, पण तेलकट डाग कुठेच नाही. कंडेन्सर गळला की गॅसबरोबर तेल बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसून काळा चिकट डाग पडतो, तो नव्हता. तरी गेज लावून प्रेशर बघितलं, बरोबर होतं. बीम सरळ. हेडलाइटची काच आणि आतला रिफ्लेक्टर ठणठणीत, तीन माउंटिंगपैकी वरचा एकच कान तुटलेला आणि तो तुकडा बंपरच्या पोकळीत सापडला. म्हणजे 3,600चा हेडलाइट बदलायची गरज नाही, कान वेल्ड होतो.

इथे निर्णय झाला, क्लेम मागे.

बंपरच्या आतल्या बाजूला मटेरियलचा शिक्का असतो, ह्याच्यावर पीपी (पॉलिप्रॉपिलीन) आणि ईपीडीएम (एक प्रकारचं रबर) होतं. बहुतेक बंपर पॉलिप्रॉपिलीनचेच असतात आणि ह्या प्लॅस्टिकला फेविक्विक, अराल्डाइट काही धरत नाही, लोक घरी लावून बघतात आणि मग आम्हाला ते आधी खरवडत बसावं लागतं. दबलेला भाग हीट गननं हळूहळू गरम करून आतून ढकलला, पीपी बऱ्यापैकी मूळ आकाराला परत येतं. फाटीच्या टोकाला बारीक भोक पाडलं म्हणजे ती पुढे पळत नाही. मग आतून गरम स्टेपल, जखमेला टाके घालतात तसे, आणि त्यावर दोन्ही बाजूंनी फाटीत व्ही आकाराची खाच काढून पीपीच्याच रॉडनं वेल्ड. नुसत्या स्टेपलवर थांबणारे गॅरेजवाले आहेत, वर पुट्टी फासली की दिसत नाही, पण दोन-तीन स्पीडब्रेकरला घासला की तिथेच परत उघडतं.

पेंटच्या आधी बंपर एकदा कच्चा बसवून बघितला. मिस्त्री काकांचा ह्याला विरोध होता, "उगाच डबल काम, ताई". पण ते केलं म्हणून कळलं की डावीकडे फेंडरशी गॅप उजवीच्या जवळजवळ दुप्पट येतोय. कारण बंपर नव्हताच, जिथे साइड ब्रॅकेट कसतो ती फेंडरची पत्र्याची कड थोडी बाहेर ओढली गेलेली. हलक्या हातानं ती आत घेतली, नाना पेठेतून आणलेला ओरिजिनल ब्रॅकेट लावला, गॅप जुळला. रंग मारल्यावर हे लक्षात आलं असतं तर ताज्या पेंटवर ओढाताण करावी लागली असती.

रंग हा ह्या केसमधला सगळ्यात नाजूक भाग. सिल्व्हर मेटॅलिक म्हणजे त्यात ॲल्युमिनियमची बारीक चमक असते, गनचं प्रेशर, अंतर, थर ओला मारला की कोरडा, ह्यावर शेड बदलतो. कोड तोच असला तरी सहा वर्षं उन्हात राहिलेल्या गाडीशी डब्यातला रंग जुळेलच असं नाही. म्हणून कार्डवर वेगवेगळे नमुने मारून क्लिअर कोटसकट (वरच्या पारदर्शक थरासकट) वाळवले आणि बाहेर ढगाळ उजेडात फेंडरला लावून बघितले, ट्यूबलाइटखाली नाही. पेंटर म्हणत होता फेंडरवर पण थोडा ओढून ब्लेंड करू, म्हणजे फरक अजिबात दिसणार नाही. ताईंनी नाही म्हटलं, फेंडरचा कंपनीचा मूळ रंग शाबूत आहे तो कशाला उघडायचा, किंचित फरक चालेल. माझंही मत तेच.

प्लॅस्टिकवर आधी ॲडहेजन प्रमोटर, त्याशिवाय पीपीवरचा रंग काही महिन्यांत पापुद्र्यांनी निघतो. मग लवचीक पुट्टी, प्रायमर, बेस, क्लिअर. पावसाळी हवेत क्लिअरवर पांढरट धुकं येतं म्हणून रंग बूथमध्येच मारला आणि 60 अंशाला वाळवला, बंपर खालून नीट टेकवून, नाहीतर गरम झाला की मधे झुकतो.

निकाल

ठरलेला खर्च असा होता: वेल्डिंग 1,500, पेंट 2,800, ब्रॅकेट-क्लिपा-अंडरकव्हर-फॉग कव्हर मिळून 1,400, जाळी 900, हेडलाइटचा कान 500, मजुरी 600, एकूण 7,700. फेंडरच्या कडेचे 450 वाढले, बिल 8,150. क्लेमच्या रस्त्यानं आत्ता 6,050 आणि पुढे 7,375 मिळून 13,425 गेले असते. फरक 5,275. ऑगस्टमध्ये पॉलिसी 50 टक्के एनसीबीसकट रिन्यू झाली.

ही रक्कम जुलैची आहे, पार्टवर तेव्हा 28 टक्के जीएसटी होता. 22 सप्टेंबर 2025पासून तो 18 झाला, त्यामुळे आज हेच मांडायचं तर पार्टचे आकडे खाली येतील.

काम शंभर टक्के अदृश्य नाहीये. तिरप्या उजेडात फाटीच्या जागी एक अगदी बारीक रेघ कळते आणि बंपर फेंडरपेक्षा किंचित उजळ आहे. ज्याला माहीत आहे त्यालाच दिसतं, पण ताईंना ते आधीच सांगितलेलं होतं आणि त्यांना ते मान्य होतं. हेडलाइटचा फोकस भिंतीवर बघून सेट केला, तो आजपर्यंत हललेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

धडकेनंतर ताईंनी लोंबतं टोक केबल टायनं बांधून गाडी काही दिवस शाळेला तशीच नेली. त्यात अंडरकव्हर रस्त्याला घासून पूर्ण फाटलं. धडकेत ते फक्त एका क्लिपेतून सुटलं होतं, फोटोत दिसतंय, म्हणजे ते 620 रुपये वाचले असते. अशा वेळी लोंबणारं अंडरकव्हर एक तर काढून ठेवायचं नाहीतर गाडी उभी करायची.

वर्कशॉपमध्ये बंपर उतरवून एस्टिमेट मागायला हवं होतं. त्याचे ते थोडी मजुरी घेतात, द्यावी. बाहेरून बघून लिहिलेल्या कागदावर हेडलाइट बदलायचा ठरला आणि कंडेन्सरचा उल्लेखही नव्हता, म्हणजे दोन्हीकडून अंदाजच.

झिरो डेपचं काय? ते असतं तर ह्याच एस्टिमेटवर ताईंचे फक्त 1,000 गेले असते आणि कंपनीनं 13,300 दिले असते, मग 7,375ची एनसीबी घालवूनही क्लेमच बरोबर ठरला असता. त्यामुळे ओळखीच्या कोणी "मी तर क्लेम केला, काहीच भरावं लागलं नाही" असं सांगितलं तर आधी त्यांची पॉलिसी कुठली ते विचारा. ह्या वेळच्या रिन्युअलला ताईंनी झिरो डेपचा भाव काढला होता, सहा वर्षांच्या गाडीला तो त्यांना जड वाटला, घेतला नाही.

आणि एक राहिलं, पेंटच्या कामाची वॉरंटी बिलावर लिहून घेतली नाही, तोंडी एक वर्ष ठरलं. माझ्याकडे येणाऱ्यांना मी बिलावरच लिहून देतो, कुठल्या भागाला, किती महिने, पापुद्रे निघाले तर काय, सगळं, आणि दुसरीकडे काम देताना तुम्हीही ते आधी मागा, पैसे दिल्यानंतर नाही.